गुडघा दुखतोय: फिजिओ, इंजेक्शन की ऑपरेशन, ठरवायचं कसं?

आमच्या घरात साधारण एकाच सुमाराला दोन जणांचे गुडघे बिघडले. माझा डावा, टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळताना अंग वळलं आणि पाय तिथंच रुतून राहिला, आणि आईचे दोन्ही, जे बरीच वर्षं कुरकुरत होते पण आता जिना चढायलाच नको म्हणायला लागले. त्यामुळे ऑर्थोपेडिक, फिजिओ, एमआरआय सेंटर, इन्शुरन्सचा टीपीए (क्लेम तपासणारी मधली कंपनी), शेजारच्या काकूंचं तेल असं सगळीकडे फिरून झालंय. मी डॉक्टर नाही, तपासणी डॉक्टरनंच करायची. पण एक गोष्ट नक्की कळली, की आपण सगळे "ऑपरेशन करायचं का नाही" इथून सुरुवात करतो आणि "झालंय नक्की काय, आणि मला या गुडघ्याकडून हवंय काय" हे शेवटी विचारतो. हा क्रम उलटा करा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत.

१. आधी बघा, आजच पळायचंय का

खालचं काही असेल तर पुढचा लेख नंतर वाचा, आधी हॉस्पिटल गाठा:

- सांधा लाल, गरम, टरटरून सुजलेला आणि सोबत ताप किंवा थंडी. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, यात तासांचा हिशोब असतो, "सोमवारी दाखवू" चालत नाही. डायबेटिस असेल किंवा त्याच गुडघ्यात आधी इम्प्लांट (कृत्रिम सांधा) बसवलेला असेल तर जास्तच घाई करा.
- पडल्यावर किंवा मार लागल्यावर चार पावलंही टाकता येत नाहीत, गुडघा काटकोनात वाकत नाही, फक्त वाटीवर बोट दाबलं की कळ जाते, किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली जो हाडाचा उंचवटा आहे तिथं दाबलं की दुखतं. यातलं एक जरी असलं, किंवा वय ५५ च्या पुढे असलं, तर एक्सरे काढायचा. मार लागलेल्या गुडघ्याचा एक्सरे काढायचा की नाही हे ठरवायला डॉक्टर हाच नियम वापरतात, ओटावा नी रूल म्हणतात त्याला.
- गुडघा अडकलाय, कितीही प्रयत्न केला तरी पूर्ण सरळ होत नाही. आतल्या गादीचा (मेनिस्कसचा) फाटलेला तुकडा मधे अडकलेला असू शकतो.
- पायाचा आकारच वाकडा दिसतोय, पाऊल थंड किंवा बधिर पडलंय.
- पोटरी एकाच पायाची सुजलीये आणि दुखतेय, विशेषतः प्लास्टर, ऑपरेशन किंवा लांबच्या प्रवासानंतर. रक्ताची गुठळी असू शकते.
- लहान मूल लंगडतंय आणि गुडघा दुखतो म्हणतंय. मुलांमधे बऱ्याचदा दुखणं खुब्यात असतं आणि जाणवतं गुडघ्यात. डॉक्टरला स्पष्ट सांगा, खुबा पण तपासा. (म्हाताऱ्या माणसांमधेही हे होतं, गुडघ्याचे एक्सरे काढत बसतात आणि झीज असते खुब्याची.)

यातलं काहीच नसेल तर तुमच्याकडे वेळ आहे. आठवडे, बहुतेक वेळा महिने. हे एवढं डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढे कोणीतरी नक्की सांगणार की "लगेच केलं नाही तर गुडघा कायमचा जाईल".

२. आपला गुडघा कुठल्या गटात बसतो ते ओळखा

ढोबळ चार गट आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

पहिला गट मार किंवा मुरगळ. इथं डॉक्टर तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारेल की सूज किती वेळात आली. दोन-तीन तासांत गुडघा फुगला तर बहुधा आत रक्त साचलंय, म्हणजे एसीएल (गुडघ्याच्या आत मधोमध, दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटलंय, वाटी सरकलीये किंवा हाडाला मार आहे असा संशय घेतात. दुसऱ्या दिवशी हळूहळू सूज आली तर गादीकडे बोट जातं. "कट्" असा आवाज आला का, नंतर चालताना गुडघा निसटल्यासारखा होतो का, हेही लिहून ठेवा.

दुसरा झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. पंचेचाळिशीच्या पुढे, जिना चढता-उतरताना आणि खाली बसून उठताना दुखणं, सकाळी थोडा वेळ आखडणं पण अर्ध्या तासाच्या आत मोकळं होणं, हळूहळू पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकणं. घरोघरी "ग्रीस संपलंय" म्हणतात ते हेच.

तिसरा गट तरुण लोकांचा, वाटीच्या आजूबाजूचं दुखणं. जिना उतरताना, सिनेमात किंवा ऑफिसात खूप वेळ गुडघा वाकवून बसलं की दुखतं, सूज फारशी नाही, मार नाही. पाच किलोमीटरवरून एकदम हाफ मॅरेथॉनच्या तयारीला लागलेली मंडळी किंवा नवीन जिम लावलेली मंडळी यात जास्त. याला ऑपरेशन जवळजवळ कधीच लागत नाही, मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू मजबूत करणं आणि काही काळ पळणं कमी करणं हाच उपाय आहे, सहा ते बारा आठवडे लागतात, लोक दोन आठवड्यांत कंटाळतात.

चौथा गट अंगातल्या आजाराचा. सकाळचं आखडणं तास-तासभर टिकतं, हाताच्या बोटांचे सांधे पण सुजतात, दोन्ही बाजूंना सारखं दुखतं, तर रुमॅटॉइड (शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवरच उलटते तो संधिवात) असू शकतो. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीत लाल होऊन ठणकला, चादर लागली तरी सहन होत नाही, तर युरिक ॲसिडवाला गाऊट. ताप येऊन गेल्यावर आठवडेच्या आठवडे सांधे धरले तर चिकनगुनिया, आपल्याकडे पावसाळ्यानंतर हे किती घरांत होतं ते सांगायला नको. एकच सांधा महिनोन्‌महिने सुजलेला, वजन कमी होतंय, संध्याकाळी बारीक ताप, तर टीबी पण डोक्यात ठेवायला लागतो. या गटातल्या माणसानं सर्जनच्या रांगेत बसण्यापेक्षा फिजिशियन किंवा रुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचा तज्ज्ञ) गाठावा. रुमॅटॉइडमधे औषध लवकर सुरू झालं तर सांधा वाचतो, इथं मात्र "बघू, थांबू" महागात पडतं.

३. मार लागला असेल तर पहिले दोन-तीन दिवस

बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट कातडीवर नको. क्रेप बँडेज, बोटं निळी पडतील इतकं घट्ट नाही. झोपताना पाय उशीवर. घोटा वरखाली हलवत राहा.

मालिश नको, गरम पाण्याचा शेक नको, आणि ओढून "बसवून" देणाऱ्याकडे तर अजिबात नको. ताज्या जखमेवर चोळलं की सूज वाढते, आणि आत बारीक फ्रॅक्चर असेल तर ओढाओढीत ते सरकतं. आमच्याकडे काकू तेलाची बाटली घेऊन आल्याच होत्या, त्यांना चहा पाजला आणि तेल नंतरसाठी ठेवलं. झिजेच्या गुडघ्यावर हलक्या हातानं तेल लावायला काही हरकत नाही, बरं वाटतं, फक्त त्यानं गादी परत तयार होते असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

४. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

- जुने एक्सरे आणि एमआरआय, फिल्म आणि सीडी दोन्ही. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, चांगला सर्जन फिल्म स्वतः बघतो.
- चालू गोळ्यांची यादी. बीपी, शुगर, थायरॉइड, आणि विशेष म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळ्या.
- शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), युरिक ॲसिड यांचे अलीकडचे रिपोर्ट असतील तर. नसतील तर आधीच सगळं पॅकेज करून नेऊ नका, डॉक्टर सांगेल ते करा.
- इन्शुरन्सची पॉलिसी किंवा कार्ड, रेशन कार्ड, आधार.
- सैल पायजमा किंवा हाफ पँट. घट्ट जीन्समधे गुडघा तपासताच येत नाही आणि मग तपासणी कपड्यावरूनच उरकते.
- एका कागदावर चार ओळी: कधीपासून, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, आणि काय करता येत नाहीये आणि काय करता यायला हवंय.

ही शेवटची ओळ माझ्या मते सगळ्यात किमती. "दुखतं" म्हणालात तर गोळ्या मिळतात. "मला शेतात बांधावरून चालायला लागतं", "मला आषाढीला दोन टप्पे तरी वारीत चालायचंय", "दादरचा पूल रोज दोनदा चढतो", "मला परत कबड्डी खेळायचीय" असं सांगितलंत तर बोलणं एकदम वेगळ्या रुळावर जातं. आईनं सांगितलं होतं की मला तिसऱ्या मजल्यावर घरी जाता आलं पाहिजे आणि भाजी आणायला जाता आलं पाहिजे, मांडी घालता नाही आली तरी चालेल. त्यावरूनच पुढचं सगळं ठरलं.

५. एक्सरे, एमआरआय आणि रिपोर्ट वाचून येणारा घाम

झिजेसाठी साधा एक्सरे पुरतो, पण उभं राहून काढलेला. झोपवून काढला तर दोन हाडांमधली फट आहे त्यापेक्षा चांगली दिसते, वजन पडल्यावर खरी कळते. टेक्निशियनला आपण होऊन सांगा, घाईत झोपवूनच काढतात. रिपोर्टमधे ग्रेड १ ते ४ लिहिलेलं असतं, ४ म्हणजे फट जवळजवळ संपली. पण ग्रेड ४ वाला माणूस बाजार करून येतो आणि ग्रेड २ वाला रडत असतो असंही होतं, त्यामुळे ग्रेडवरून ऑपरेशन ठरत नाही.

एमआरआय मार लागलेल्या, निसटणाऱ्या, अडकणाऱ्या गुडघ्यासाठी. साठीच्या माणसाच्या झिजलेल्या गुडघ्याचा एमआरआय काढला तर काही ना काही फाटलेलं दिसणारच. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या साध्या लोकांचे, म्हणजे पेशंट नसलेल्यांचे, गुडघे एमआरआयमधे तपासले होते, २००८ मधे ते छापून आलं. ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघा दुखलाच नव्हता! म्हणजे रिपोर्टमधे "टिअर" दिसला म्हणजे दुखण्याचं कारण तोच असं नाही. रिपोर्ट हातात आला की रात्री दोन वाजता एकेक शब्द मोबाइलवर शोधत बसू नका, डॉक्टरला एवढंच विचारा की "माझं दुखणं आणि तपासणी या रिपोर्टशी जुळतंय का?"

६. झीज असेल तर या क्रमानं जा

*व्यायाम, आणि तो खरंच केलेला.* "फिजिओ करून बघितला, फरक नाही" म्हणणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांनी प्रत्यक्षात मशीनचा शेक घेतलेला असतो, पट्टे लावून पडून राहायचं आणि घरी यायचं. तो व्यायाम नव्हे. व्यायाम म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू ताकदवान करणं: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि पाच-सात सेकंद धरायची, पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाठीवर झोपून कंबर उचलायची, आणि थोडं जमायला लागलं की खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. प्रत्येकी दहा-दहाचे दोन-तीन सेट. व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीच्या पातळीवर यायला हवं, नाही आलं तर कमी करा, बंद करू नका. डेन्मार्कमधे २०१३ पासून यासाठी एक ठरलेला कार्यक्रम चालवतात, आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे, त्यामुळे तुम्हीही सहा ते बारा आठवड्यांच्या आत निकाल लावू नका.

*वजन.* सगळे सांगतात म्हणून कंटाळा येतो पण आकडा बघा, एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. दिवसाची पावलं मोजा मग.

*घरातले बदल.* देशी संडासावर कमोडची खुर्ची, खाली बसून भाजी निवडण्याऐवजी टेबल, देवपूजेला स्टूल. जिन्यात लक्षात ठेवायचं की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. आपल्याकडे नव्वद टक्के लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात असा माझा बागेत बसून केलेला अभ्यास आहे. काठीला लाज वाटते म्हणून ट्रेकिंगचा पोल घेऊन दिला आईला, तो आवडला.

*गोळ्या.* आधी लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल, ते रक्तात कमी जातं. गोळ्या कमीत कमी दिवस. मेडिकलवाला "दुखण्याची द्या" म्हटल्यावर जी ॲसिक्लोफेनॅकची गोळी देतो त्यात बऱ्याचदा पॅरासिटॅमॉल आधीच असतं, वर आपण ताप आला म्हणून क्रोसिन घेतो, डबल डोस. बीपी, किडनी, अल्सर, हार्टचा त्रास असेल तर या गोळ्या विचारल्याशिवाय नकोच.

*ग्लुकोसामाइन वगैरे "गुडघ्याच्या" पूरक गोळ्या.* २००६ मधे अमेरिकेत दीड हजारांवर लोकांवर मोठी चाचणी झाली, एकूण लोकांत औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ठोस फायदा दिसला नाही. महिन्याला जे पैसे त्यात जातात त्यात फिजिओच्या एक-दोन फेऱ्या होतात.

*इंजेक्शन.* स्टेरॉइडचं इंजेक्शन सूज जास्त असताना काही आठवडे आराम देतं, लग्नकार्य आहे, व्यायाम सुरूच करता येत नाहीये, अशा वेळी ठीक. पण दर तीन महिन्यांनी टोचत राहू नका, २०१७ मधे अमेरिकन डॉक्टरांनी दोन वर्षं असं देऊन बघितलं तर दुखण्यात फरक नाही आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) उलट जास्त झिजली. डायबेटिस असेल तर नंतर काही दिवस शुगर वर जाते. आणि गुडघा बदलायचं ठरत असेल तर आधीचे तीन महिने इंजेक्शन नको, इन्फेक्शनचा धोका वाढतो. पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त फिरवून टोचतात ते, याच्या जाहिराती फार आहेत, पण ऑस्ट्रेलियात २०२१ मधे २८८ लोकांवर चाचणी झाली त्यात मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा ते सरस ठरलं नाही. मी तरी आईला करून दिलं नसतं.

*दुर्बिणीतून "साफसफाई".* निव्वळ झिजेसाठी ही करू नका. २००२ मधे अमेरिकेत काही पेशंटना खरी दुर्बीण-शस्त्रक्रिया केली आणि काहींना नुसते वरून छेद देऊन टाके घातले, दोन वर्षांनी दोघांचं दुखणं सारखंच. २०१७ मधे तर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी झिजेच्या गुडघ्यासाठी हे करू नये अशी ठाम शिफारसच छापली. छोटं ऑपरेशन आहे, एका दिवसात घरी, असं गोड वाटतं म्हणून सावध करतोय.

आणि एक सापळा वेगळा सांगतो. जत्रेत, रस्त्याच्या कडेला किंवा कुणाच्या ओळखीनं मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या आणि गोळ्या. दोन दिवसांत जादू होते, कारण अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. मग तोंड सुजतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आधीपासून बरेच महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरला खरं सांगा, ते हळूहळू उतरवावं लागतं.

७. लिगामेंट किंवा गादी फाटली असेल तर

माझ्या रिपोर्टमधे एसीएल पूर्ण तुटलेलं होतं. पहिल्या ठिकाणी मला त्याच आठवड्याची तारीख आणि "पॅकेज या महिन्यापुरतंच आहे" असं ऐकायला मिळालं. गुडघ्याला महिना कळत नाही, सेलला कळतो. मी दुसरं मत घेतलं.

एसीएल तुटलं म्हणजे ऑपरेशनच असं नाही. स्वीडनमधे १२१ तरुण, खेळत्या लोकांवर चाचणी झाली, अर्ध्यांना लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना आधी फिजिओ आणि गरज लागली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांना ऑपरेशन लागलंच नव्हतं, आणि दोन्ही गटांचे गुडघे सरासरीनं सारखेच चालत होते. माझी गादी शाबूत होती, तीन महिने मन लावून व्यायाम केल्यावर गुडघा निसटत नव्हता, आणि मला सायकल आणि डोंगर एवढंच हवं होतं, बॉक्स क्रिकेट सोडायला मी तयार होतो. ऑपरेशन केलं नाही. माझा एक मित्र, रिपोर्ट जवळजवळ सारखाच, पण तो तालुक्याच्या टीमकडून कबड्डी खेळतो, रेडरला एका पायावर वळायला लागतं, त्यानं केलं आणि त्याच्यासाठी तेच बरोबर होतं.

ऑपरेशनकडे पारडं कधी झुकतं: साध्या चालण्यात, बसमधून उतरताना गुडघा वारंवार निसटतोय, एकापेक्षा जास्त लिगामेंट गेलीयेत, शिवता येण्यासारखी गादी फाटलीये, वळणाचा खेळ किंवा तसंच काम सोडता येत नाही. निसटणारा गुडघा तसाच रेटत राहिलात तर प्रत्येक झटक्याला गादीची वाट लागते, त्यामुळे "ऑपरेशन नको" म्हणजे "काहीच नको" असं समजू नका.

करायचं ठरलं तर सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ व्हायला लागल्यावर करा, सुजलेल्या आखडलेल्या गुडघ्यावर केलं की नंतर तो आखडूनच बसतो. सर्जनला विचारा: ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा तुकडा) कुठून घेणार, गादी शिवणार की कापणार (तरुणपणी शक्य तिथं शिवलेली बरी, कापलेली गादी परत येत नाही), फिजिओ कोण आणि किती महिने. खेळात परतायला किमान नऊ महिने धरा. त्याआधी मैदानात उतरणाऱ्यांचं पुन्हा तुटण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि सहाव्या महिन्यात गुडघा इतका छान वाटतो की नेमका तेव्हाच मोह होतो.

८. गुडघा बदलायचा का

व्यायाम, वजन, काठी, गोळ्या सगळं प्रामाणिकपणे करून झालं, तरी रात्री झोपेतून दुखण्यानं जाग येते, घरातल्या घरात चालणं कमी झालंय, तेव्हा सांधाबदल, म्हणजे टीकेआर, याचा विचार करायचा. तारीख रिपोर्ट ठरवत नाही, तुमचं जगणं ठरवतं.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे ऑपरेशन कळलं ते अटलबिहारी वाजपेयींमुळे, पंतप्रधान असताना २००० च्या ऑक्टोबरमधे त्यांचा डावा आणि २००१ च्या जूनमधे उजवा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीमधे न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला होता. दोन्ही गुडघे एकदम करायचे की वेगवेगळे, हा प्रश्न आजही प्रत्येक घरात येतो. हृदय, फुप्फुसं ठणठणीत असतील तर एकदम करतात, एकच भूल, एकच सुट्टी, पण शरीरावर ताण जास्त. आईचं हृदय थोडं नाजूक, आम्ही एकच केला. दुसरा अजून तिचाच आहे आणि व्यायामामुळे बरा चाललाय.

इम्प्लांट किती टिकतो? अशा ऑपरेशनांच्या मोठ्या नोंदींवरून साधारण ८२ टक्के पूर्ण सांधाबदल २५ वर्षं टिकलेले दिसतात. म्हणून ६५ व्या वर्षी केलं तर बहुतेकांना आयुष्यभर पुरतो, ५० व्या वर्षी केलं तर परत करायची वेळ येऊ शकते. वय कमी आणि झीज एकाच बाजूला असेल तर अर्धा सांधा बदलणं किंवा वाकलेलं हाड सरळ करणं (एचटीओ) असेही पर्याय असतात, ते विचारा, आपण होऊन कमी जण सांगतात.

दुसरी बाजूही ऐका. साधारण पाचातला एक जण ऑपरेशननंतर पूर्ण समाधानी नसतो, काहींचं दुखणं राहतं. मांडी घालणं, उकिडवं बसणं बहुतेकांना जमत नाही. आणि पहिले सहा आठवडे वाकवण्याचा व्यायाम टाळला तर गुडघा आखडतो, त्या वेळी घरात रोज मागे लागणारं माणूस हवं. रोबोटनं करतात म्हणून जास्त पैसे मागितले तर एवढंच लक्षात ठेवा की रोबोट माप नेमकं घ्यायला मदत करतो, ऑपरेशन सर्जनच करतो. सर्जन वर्षाला किती सांधे बदलतो हा प्रश्न बिनधास्त विचारा.

आधी शुगर आटोक्यात आणा, दातांचं किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर ते बरं करून घ्या, कुठून तरी जंतू नव्या सांध्यावर जाऊन बसतात.

९. पैसे आणि कागद

गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर २०१७ च्या ऑगस्टपासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा कोबाल्ट-क्रोमचा साधा सेट ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा ७६,६०० रुपये अधिक जीएसटी असा ठरला. नंतर आकडे थोडे हलत गेले, चालू आकडा एनपीपीएच्या (औषधांच्या किमती ठरवणारी सरकारी संस्था) साइटवर बघा. बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी, बॅच नंबर वेगळा लिहायलाच हवा. "पॅकेजमधे सगळं आलं" हे उत्तर घेऊ नका. इम्प्लांटचे स्टिकर फाइलमधे लागलेत का बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे कधी परत ऑपरेशन लागलं तर सर्जन पहिलं तेच मागतो.

इन्शुरन्समधे झिजेच्या सांधाबदलाला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ क्लेम मिळत नाही, २०२४ च्या नियमांनंतर तो जास्तीत जास्त ३६ महिने. पण अपघातानं झालेल्या इजेला हा वेटिंग पिरियड लागत नाही. त्यामुळे मार लागला असेल तर पहिल्याच केसपेपरवर कधी, कुठे, कसा पडलो हे लिहून घ्या. तिथं नुसतं "गुडघेदुखी" लिहिलं गेलं तर टीपीएशी भांडत बसावं लागतं. ठरवून करायच्या ऑपरेशनला कॅशलेसची मंजुरी आधी घ्या आणि रूमच्या भाड्याची मर्यादा तपासा, वरची रूम घेतली की बाकी खर्चही त्याच प्रमाणात कापून देतात.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमधे आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथं जा आणि तुमचं नेमकं ऑपरेशन त्या हॉस्पिटलमधे योजनेत बसतं का हे भरती होण्याआधी विचारा. भरती झाल्यावर विचारलं की उत्तरं बदलतात.

१०. बाकीचे सांधे, थोडक्यात

घोटा मुरगळला: चार पावलं टाकता येत नाहीत किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखतं तर एक्सरे. नाहीतर काही दिवसांत चालायला लागा आणि एका पायावर उभं राहण्याचा व्यायाम करा, तो टाळणाऱ्यांचा घोटा परत परत मुरगळतो.

हातावर पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखतंय: पहिला एक्सरे नॉर्मल आला तरी सोडू नका. स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर सुरुवातीला लपतं, दहा-चौदा दिवसांनी परत एक्सरे काढतात, तोपर्यंत आधार बांधून ठेवतात.

खांदा आखडला, हात मागे जात नाही, शर्ट घालता येत नाही: फ्रोझन शोल्डर, डायबेटिसवाल्यांना जास्त. बरं होतं पण वर्ष-दोन वर्षं खातं. शुगर तपासून घ्या, काहींना डायबेटिस असल्याचं यातूनच कळतं.

११. ठरवलेलं कधी बदलायचं

व्यायाम सुरू करायच्या आधी तीन गोष्टी वहीत लिहा: अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं, न थांबता किती मिनिटं चालता येतं, रात्री किती वेळा जाग येते. सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी परत लिहा. "बरं वाटतंय का" यावर घरात रोज वेगळं उत्तर मिळतं, आकडे बदललेले लगेच दिसतात. बारा आठवड्यांनी आकडे सुधारत असतील तर तेच चालू ठेवा, कुणी काही म्हणो. जागचे हलले नसतील तर आधी फिजिओसमोर सगळे व्यायाम करून दाखवा, अर्ध्या वेळा ते चुकीचेच होत असतात, आणि तरीही फरक नसेल तर ती वही घेऊन सर्जनकडे जा. मधेच गुडघा अडकला, निसटायला लागला किंवा ताप येऊन सुजला तर बारा आठवडे मोजत बसू नका, पहिल्या पायरीवरची यादी परत काढा.